मजुरी एक, मापे दोन

रोजगार, उत्पादन आणि वास्तव वेतन या तीन राशींचा परस्परसंबंध अर्थशास्त्राचे ग्रंथकार वक्ररेषांनी दाखवितात, आणि त्या रेषा इतक्या सुबक असतात की, त्या काढणाऱ्याने सोयाबीनच्या सुगीत मजुरांच्या शोधार्थ कधी चार गावे पालथी घातली असतील, अथवा काम बंद झाल्याचे ऐकून फावडे-टोपली घेऊन तसेच घरी परतणाऱ्यांबरोबर तो कधी चालला असेल, असे मनात येत नाही. हिंगोली तालुक्यातील नरसी नामदेव या गावी, कयाधूच्या काठी, यांपैकी पहिला अनुभव ज्यांच्या पदरी भरपूर आहे असे एक बागाईतदार, आणि दुसरा ज्यांच्या डोळ्यांदेखत वर्षानुवर्षे घडला असे रोजगार हमीच्या कामांवरील एक निवृत्त हजेरी सहाय्यक, हे दोघे एकाच आळीत राहतात. पहिल्यांस गाव नाना म्हणते, दुसऱ्यांस अण्णा. नानांनी नांदेडला वाणिज्य शाखेची पदवी घेतली, ती हळदीच्या हिशेबाखेरीज कोठे खर्ची घातली नाही. अण्णांचे शिक्षण जुन्या मॅट्रिकपर्यंतचे, पण जुन्या शास्त्र्यांनी भाष्ये वाचावीत तशी त्यांनी शासकीय परिपत्रके वाचली आहेत. दोघांचे बोलणे अस्सल मराठवाडी वळणाचे. मी त्यातील युक्तिवाद तेवढा ग्रंथभाषेत उतरवून घेतला आहे आणि शिव्या गाळल्या आहेत. त्या बहुतेक आडत्यांना उद्देशून होत्या, तेव्हा मूळ विषयाची हानी झालेली नाही.

वादाचे निमित्त क्षुल्लक होते. १ एप्रिल २०२५ पासून महाराष्ट्रात रोजगार हमीची दैनिक मजुरी २९७ रुपयांवरून ३१२ रुपये झाली, ही बातमी नानांनी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखविली आणि वर्तमानपत्र अण्णांच्या पुढ्यात ठेवले, जणू ती वाढ अण्णांनीच मंजूर केली होती.

नाना : २०१३ साली हाच आकडा १६२ होता. त्या साली माझे सोयाबीन क्विंटलला साडेतीन ते चार हजारांच्या दरम्यान गेले. २०२४ च्या दिवाळीत सरकारची आधारभूत किंमत ४,८९२ रुपये, आणि मोंढ्यात मिळाले ते चार हजारांच्या आगेमागे. म्हणजे एका माणसाचा एक दिवस विकत घेण्यासाठी तेव्हा मला चार-साडेचार किलो सोयाबीन विकावे लागे, आता साडेसात किलो. माझ्या उत्पादनाच्या मापाने मजुरी जवळजवळ दुप्पट झाली. बरे, ही झाली सरकारी मजुरी. सुगीच्या आठवड्यात गावातला दर काय असतो तो मी सांगत नाही, कारण तो रोज सकाळी बदलतो.

अण्णा : सरकारी दर हा गावच्या दराचा आरसा नव्हे, हे मान्य. पण तो दप्तरात लिहिलेला असतो, म्हणून हिशेबाला बरा. आता तोच हिशेब मजुराच्या बाजूने मांडू. शेतमजुरांचा जो किंमत-निर्देशांक आहे, १९८६-८७ साली शंभर धरून चालविलेला, तो २०१३ साली सातशे ते साडेसातशेच्या दरम्यान होता, आणि या वर्षाच्या आरंभी तेराशेच्या वर गेला. त्या प्रमाणात १६२ रुपयांचे आज किती व्हावेत? सुमारे दोनशे ऐंशी ते तीनशे. मिळतात ३१२. म्हणजे बारा वर्षांत वास्तव वाढ झाली ती फारतर दहाव्या हिश्शाएवढी. तुम्ही म्हणता दुप्पट, निर्देशांक म्हणतो दहावा हिस्सा. आकडा एकच आहे, नाना. तुम्ही त्याला सोयाबीनने भागता, मजूर त्याला ज्वारीने, तेलाने, औषधाने आणि मुलीच्या शाळेच्या फीने भागतो.

या ठिकाणी थोडे थांबावयास हवे, कारण दोघांच्या पुढील सर्व मतभेदांचे मूळ या एका वाक्यात आहे, आणि ते दोघेही, मला वाटते, आपापल्या मापाने पूर्णपणे सत्य सांगत होते. वेतनाची वास्तवता ही एक नसते, दोन असतात. मजुरी देणाऱ्याच्या दृष्टीने ती त्याच्या स्वतःच्या मालाच्या भावाशी मोजली जाते, घेणाऱ्याच्या दृष्टीने त्याच्या संसाराच्या खर्चाशी. आणि पहिल्या मापाने वाढ झाली की काम देणारा हात आखडतो, त्याच वेळी दुसऱ्या मापाने काम घेणाऱ्याच्या हातात काही पडलेले नसते. अण्णांच्या वडिलांच्या काळी हा घोळ नव्हता. निजामाची राजवट १९४८ च्या सप्टेंबरात संपली, पण त्यानंतरही कितीतरी वर्षे या भागात सुगीची मजुरी ज्वारीच्या रूपाने मिळे. शेतात पिके तीही ज्वारी, मजुराच्या चुलीवर शिजे तीही ज्वारी. भाज्य आणि भाजक एकाच खळ्यावर पडलेले असत. त्या मजुरीत वेठ होती, उपासमार होती, बलुत्याचा आणि जातीचा जाच होता, तिचा गौरव करण्याचे कोणाला कारण नाही. पण ज्वारी महागल्याने मजूर बुडाला आणि मालक मात्र बुडाला नाही, किंवा याच्या उलट, असे त्या व्यवस्थेत संभवत नव्हते. पुढे ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, ज्याचा दाणाही मजूर खात नाही, आणि ज्याचा भाव हिंगोलीचा शेतकरी ठरवीत नाही. तेव्हापासून दोन मापे एकमेकांपासून सुटली.

नाना : मापाचे तत्त्वज्ञान राहू द्या. माझ्या मापाने महाग झालेले मी घेणार नाही, हा व्यवहार आहे. खुरपणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर परवडत नाहीत, म्हणून मी तणनाशक मारतो. सोयाबीन कापायला गुत्तेदार टोळी अडून बसते, म्हणून मी पंजाबातून येणाऱ्या हार्वेस्टरची वाट पाहतो. हळद कढईत शिजवीत असू तेव्हा एका भट्टीभोवती आठ-दहा माणसे लागत. आता वाफेचा कुकर ट्रॅक्टरमागे लावून आणला की निम्म्यात भागते. मजुरी वाढली, माणसे घटली, उत्पादन मात्र घटले नाही. रिकार्डोने १८२१ साली आपल्या ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत यंत्रांवर जे प्रकरण घातले, ते मला वाणिज्य शाखेत परीक्षेपुरते शिकविले होते. आता ते शेतात रोज वाचतो.

अण्णा : आणि तुमचे यंत्र मजुरी स्वस्त असती तर आले नसते?

नाना : आले असते, पण दहा वर्षे उशिरा. तुम्हाला दाखला हवा असेल तर तुमच्याच दप्तरातला देतो. १९८८ साली सरकारने किमान वेतन दुप्पट केले आणि रोजगार हमीची मजुरी त्याबरोबर चढली. त्यानंतरच्या दोन-तीन वर्षांत योजनेवरच्या मनुष्यदिवसांचे काय झाले? घसरले. मजुरी वर, रोजगार खाली. याहून स्वच्छ प्रयोग प्रयोगशाळेतही व्हायचा नाही.

हा घाव अण्णांना बसला, हे दिसत होते. कारण तो काळ त्यांच्या नोकरीचा ऐन काळ होता. त्यांनी उत्तराला वेळ घेतला, आणि उत्तर दिले ते फार मागून सुरू करून.

अण्णा : १९६५ साली विधानपरिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, मागेल त्याला काम हा प्रयोग केला, तेव्हा तो एक लहानसा प्रयोग होता. १९७२ चा दुष्काळ पडला आणि तो राज्याचा आधार झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसे होती. खडी फोडीत होती, रस्त्यावर माती टाकीत होती, सुकडी खात होती. त्या वर्षी शेतात उत्पादन शून्य, रोजगार कधी नव्हता इतका, आणि मजुरी जगण्यापुरती. तुमच्या वक्ररेषेत हे वर्ष कोठे बसते? पुढे १९७७ ला विधिमंडळाने कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला, आणि काम मागणे हा हक्क झाला. हक्क झाल्यावर मजुरीचा प्रश्न न्यायालयात गेला आणि ती किमान वेतनाच्या बरोबरीने द्यावी लागली. म्हणून १९८८ ला किमान वेतन दुप्पट होताच हमीची मजुरीही दुप्पट. इथपर्यंत तुमचे बरोबर. पण काम मागणारे कमी झाले काय? मी कामावर बसलेला माणूस आहे. मजुरी वाढल्यावर मागणारे वाढले. कमी झाली ती मंजूर कामे. तहसिलीतून उत्तर येई, अंदाजपत्रक नाही, तांत्रिक मान्यता नाही, पाहू. मजुरी दुप्पट झाली, तरतूद दुप्पट झाली नाही. तेव्हा त्याच पैशात अर्धी माणसे बसणार, यात अर्थशास्त्राचा कोणता सिद्धांत आला? ही तर साधी भागाकाराची गोष्ट.

अण्णांच्या या म्हणण्याला बाहेरचा पुरावा आहे. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त आणि शुभम चौधरी या अर्थशास्त्रज्ञांनी नेमक्या याच १९८८ च्या वाढीचा अभ्यास करून १९९३ साली लेख प्रसिद्ध केला; त्यांचे म्हणणे, थोडक्यात, असे की वाढीनंतर कामाचे वाटप होऊ लागले आणि मागेल त्याला काम हे वचन पूर्वीइतके पाळले गेले नाही. हा निष्कर्ष नानांना आणि अण्णांना सारखाच वापरता येतो, ही त्यातली मौज. नाना म्हणतील, वेतन वाढले म्हणून काम घटले. अण्णा म्हणतील, देणाऱ्याने थैली आवळली म्हणून घटले. माझे मत विचाराल तर या प्रकरणात अण्णांची बाजू सरस आहे, कारण नफ्यासाठी मजूर ठेवणारा आणि कायद्याने बांधलेला शासनकर्ता यांना एकाच सूत्रात कोंबता येत नाही. तरी नानांच्या शेतापुरता नानांचा व्यवहार खरा राहतोच.

थोर माणसांचीही या प्रश्नावर फसगत झालेली आहे. केन्सने १९३६ च्या आपल्या ग्रंथात जुन्या पंथाची पुष्कळ गृहीते मोडीत काढली, पण एक मात्र तसेच ठेवले: साधनसामग्री व तंत्र तेच असता रोजगार वाढावयाचा तर वास्तव वेतन उतरलेच पाहिजे. डनलॉप याने १९३८ साली इंग्लंडचे १८६० पासूनचे आकडे तपासले आणि टार्शिस याने अमेरिकेचे. त्यांना आढळले की भरभराटीच्या वर्षांत वास्तव वेतन उतरतेच असे नाही, कित्येकदा रोजगाराबरोबर तेही चढते. केन्सने १९३९ साली आपल्या ‘इकॉनॉमिक जर्नल’ या नियतकालिकात याची दखल घेऊन लेख लिहिला आणि हे गृहीत पुन्हा तपासले पाहिजे असे कबूल केले. हे मी नानांना सांगितले, तेव्हा त्यांनी विचारले की, केन्सला कधी सुगीत मजूर शोधावे लागले होते काय. यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते.

नाना : तुम्ही दोघे थैलीवर बोलता. थैलीतून काय निघाले ते पाहा. तुमच्या कामांतून झालेले अर्धे पाझर तलाव गाळाने भरले, काही तर पाण्याचा थेंबही न धरता तसेच पडून आहेत. मजुरी दिली, रोजगार दिला, उत्पादन कुठे आहे?

अण्णा : तुमच्या विहिरीत आहे. तुमच्या मळ्याच्या वरच्या अंगाला जो तलाव आहे, तो कोणत्या वर्षी झाला ते मला विचारा, कारण त्याच्या हजेरीपटावर माझी सही आहे. त्या वर्षी तुमच्या शेताला त्याचा एका पायलीचाही उपयोग झाला नाही. पाणी मुरायला चार-पाच पावसाळे गेले. मग तुम्ही विहीर खोल केली, मग मोटार बसविली, मग हळद लावली. तलावावर माती टाकणाऱ्या बाईची मजुरी त्याच संध्याकाळी तेला-मिठात गेली. तिच्या मातीचे उत्पादन तुमच्या खात्यावर दहा वर्षांनी जमा झाले. अडचण एवढीच आहे की, त्या दोन नोंदी एका वहीत कधी लिहिल्या जात नाहीत.

नाना : विहीर खोल करायला कर्ज मी काढले.

अण्णा : कोण नाही म्हणतो? पण नुसत्या कर्जाने विहिरीला पाणी लागत नाही.

हा मुद्दा मला अण्णांच्या सर्व बोलण्यात मोलाचा वाटला. रोजगार, उत्पादन आणि वेतन यांचा संबंध शोधताना अभ्यासक तिन्ही आकडे एकाच वर्षाचे घेतात. पण रोजगार आधी येतो, वेतन त्याच्याबरोबर येते, आणि उत्पादन पुष्कळदा पिढीभराच्या अंतराने. दांडेकर आणि रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात ग्रामीण बांधकामांवर त्यांनी एवढा भर दिला, त्याचेही एक कारण मला हेच दिसते.

नाना काही वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी वाद दुसऱ्या दिशेला वळविला.

नाना : बरे, असे असेल तर मजुरी वाढली ती तुमच्या हमीमुळे तरी का? ती वाढली कारण पोरे गावातून गेली. पुण्याला गेली, हैदराबादला गेली, इमारतींवर गेली. मागे राहिलेल्यांचा भाव आपोआप चढला.

अण्णा : अगदी बरोबर. आणि हे तुमच्या तोंडून ऐकायला मला वीस वर्षे लागली. आर्थर लुईस नावाच्या विद्वानाने १९५४ साली हेच लिहिले, असे आमच्या एका गटविकास अधिकाऱ्यांनी मला सांगितले होते: गावात रिकामे हात आहेत तोवर उत्पादन कितीही वाढो, मजुरी जागची हलत नाही, रिकामे हात संपले की हलते. देशभर शेतमजुरीत वास्तव वाढ झाली ती साधारण २००७-०८ ते २०१२-१३ या पाच-सहा वर्षांत. तेव्हा शहरांत बांधकामे जोरात होती आणि २००५ च्या केंद्रीय कायद्याने हमीची कामे देशभर सुरू झाली होती. पुढे २०१४-१५ पासून ती वाढ थबकली. आता मला सांगा, त्यानंतर देशाचे उत्पादन थबकले काय? नाही. मग उत्पादनाबरोबर वेतन चढते हा तुमचा सिद्धांत कुठे राहिला?

नाना : तो माझा सिद्धांत नव्हेच, माझा सिद्धांत इतकाच की, परवडेल तितकेच देता येते. आणि आकड्यांच्या गोष्टी करायच्या तर देशात काम करणाऱ्यांची संख्याही वाढली असे सरकार म्हणते. शेतीत काम करणाऱ्यांचा हिस्सा २०१८-१९ साली साडेबेचाळीस टक्के होता, तो २०२३-२४ ला शेहेचाळीस झाला. मग मजूर मिळत नाहीत ते का?

या प्रश्नात नानांनी नकळत फार खोल हात घातला होता. श्रमबल सर्वेक्षणाप्रमाणे ग्रामीण स्त्रियांपैकी कामात असलेल्यांचे वा काम शोधणाऱ्यांचे प्रमाण २०१७-१८ साली २४.६ टक्के होते, ते २०२३-२४ साली ४७.६ टक्के झाले. सहा वर्षांत जवळजवळ दुप्पट. परंतु ही वाढ बहुतेक स्वतःच्या शेतात, स्वतःच्या धंद्यात किंवा घरच्या कामात विनावेतन मदतनीस म्हणून झाली. ज्या कामाला वेतनच नाही, त्याने रोजगाराचा आकडा चढतो आणि वेतनाचा चढत नाही, यात आश्चर्य ते काय? ज्या गावी नामदेव जन्मले असे आपण मानतो, तेथे हे सांगताना जनाबाईची आठवण होणे स्वाभाविक आहे. गंगाखेडची ही दासी नामदेवांच्या घरी जन्मभर राबली, आणि तिचे दळणकांडण कोणत्याही जमाबंदीत आले नाही. आजच्या सर्वेक्षणात ती निदान ‘मदतनीस’ या रकान्यात तरी आली असती. एवढीच प्रगती म्हणावयाची.

अण्णा : नाना, एक विचारतो, रागावू नका. २०२३ च्या उन्हाळ्यात हळद क्विंटलला सहा-सात हजारांच्या घरात होती, आणि ऑगस्टात दुपटीच्या वर गेली. पुढच्या वर्षीही भाव चढेच राहिले. तुमच्या मापाने, म्हणजे हळदीने भागले तर, त्या वर्षी मजुरी निम्मी झाली. तेव्हा तुम्ही खुरपणीच्या बायांना काय वाढवून दिले?

नाना : दिले. थोडे दिले.

अण्णा : दुप्पट?

नाना : दुप्पट कोण देईल? माल जास्त भावाचा म्हणून घरात राहतो असे तुम्हाला वाटते. मागची चार वर्षे हळद तोट्यात होती, ते कर्ज कोण फेडणार? आणि तुमच्या मजुराला हळदीच्या भावाशी बांधून घ्यायचे असेल तर बटईने करा म्हणा. अर्धे त्याचे, अर्धे माझे. कोणी तयार होत नाही. रोजाने येतो म्हणतात, संध्याकाळी पैसे द्या म्हणतात. भाव पडल्यावर काय होते ते त्यांनाही ठाऊक आहे.

अण्णा : म्हणजे जोखीम त्यांनीही घ्यायची नाही आणि तुम्हालाही ती सोसत नाही.

नाना : मग कोणी घ्यायची?

हे बोलून दोघांनीही माझ्याकडे पाहिले, आणि मला प्रथमच जाणवले की या वादात मी केवळ श्रोता नव्हतो.

अण्णा : तुम्ही पुण्याला पगारदार आहात. तुमचा व्यवसाय कर किती कापतात?

मी म्हणालो, दरमहा दोनशे, आणि फेब्रुवारीत तीनशे. वर्षाचे अडीच हजार.

अण्णा : हा कर १९७५ ला बसविला तो रोजगार हमीसाठीच. शहरातल्या पगारातून कोरडवाहू गावाच्या कामाला पैसा यावा, आणि तितकाच राज्याने आपल्या तिजोरीतून घालावा, ही त्या योजनेची पहिली मांडणी. आता ऐका. या कराची कमाल मर्यादा घटनेतच लिहिलेली आहे. ती १९८८ च्या घटनादुरुस्तीने अडीचशेची अडीच हजार केली. त्याच साली, ज्या साली मजुरी दुप्पट झाली आणि कामे निम्म्यावर आली. त्यानंतर मजुरी निर्देशांकाला बांधली, नानांच्या सोयाबीनचा आधारभाव दरवर्षी जाहीर होतो, मग तो मिळो न मिळो. पण अडीच हजार तिथेच आहेत. निर्देशांक तेव्हापासून दहा पटींच्या आसपास चढला आहे. त्या हिशेबाने तुमचे वर्षाचे पंचवीस हजार व्हायला हवे होते.

मी म्हणालो की, ती मर्यादा बदलायला संसदेत घटनादुरुस्ती करावी लागेल.

“१९८८ ला केलीच होती की,” नाना म्हणाले. त्या दिवसाच्या साऱ्या वादात ते अण्णांच्या बाजूने बोलले ते एवढ्या एकाच वाक्यात.